जाम भारी!

‘जाम’ हा आपला लाडका शब्द. जाम मजा आली, जाम पकलो, बॉसनं जाम पिडलं. दिवसातून दहा वेळा आपण तो वापरतो. पण गॅरेजवाला बॉनेट बंद करता करता फडक्याला हात पुसत ‘इंजिन जाम आहे, मॅडम’ म्हणतो, तेव्हा त्याच शब्दानं पोटात गोळा येतो. इथे जाम म्हणजे फुलस्टॉप. दुसरं इंजिन टाका, नाहीतर गाडी भंगारात द्या.

तर मंडळी, तिसरा ऑप्शनही असतो. दर वेळी असेलच असं नाही, पण तो आहे की नाही हे कळायला दहा मिनिटं पुरत नाहीत. मला चार वीकेंड लागले. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमधले बग शोधायचे, हा माझा धंदा. हातात पाना धरायची सवय शून्य! तरीही गेल्या दिवाळीनंतर सलग चार शनिवार मी सकाळच्या एसटीनं सातारा गाठलं आणि रविवारी रात्री नखांत काळं घेऊन परत आले. सोमवारच्या मीटिंगमध्ये टीम लीडनं माझ्या हातांकडे बघून एकदा विचारलंही, ‘सगळं ठीक ना?’

गाडी माझी नाही, आईची. मारुती 800, 1999 चं मॉडेल, पांढरी, नंबर एमएच 11 चा. ही गाडी 1983 च्या डिसेंबरमध्ये बाजारात आली आणि 2014 च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत कितीतरी घरांची पहिली गाडी तीच होती. आमचीही. आई झेडपीच्या शाळेत शिक्षिका. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी ती गाडी शिकली आणि रिटायर होईपर्यंत सातारा-कोरेगाव ये-जा तिनं याच गाडीतून केली. बाबांना ड्रायव्हिंग कधी जमलं नाही. ते शेजारच्या सीटवर बसून पेपर वाचायचे आणि स्पीड ब्रेकर आला की चष्मा सावरायचे. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला आणि गाडी पोर्चमध्ये उभी राहिली. 2021 मध्ये बाबा गेले. त्यानंतर गाडीवर कव्हर आणि कव्हरवर पारिजातकाचा सडा, एवढंच.

या दिवाळीत फराळाचं ताट भरता भरता आई म्हणाली, ‘भंगारवाला बघून गेलाय. देऊन टाकू. आता गाडीचं काय काम, आणि मला तरी कुठे जायचंय?’

पहिलं वाक्य मी सोडून दिलं असतं. शेवटच्या तीन शब्दांनी मात्र माझी झोप उडवली.

आधी प्रश्न, मग पाने

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी गॅरेजमधून एकाला बोलावलं. त्यानं दुसऱ्या बॅटरीच्या वायरी जोडल्या, किल्ली फिरवली. एकच आवाज आला, ठक्. डॅशबोर्डवरचे दिवे मंदावले. ‘जाम’, तो म्हणाला. सेकंडहँड इंजिनाचा भाव सांगितला आणि बाइकला किक मारून गेला.

शेजारचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. कंपाउंडच्या भिंतीवर कोपरं टेकून ते सगळा प्रकार बघत होते. ‘ठक् वाजलं. त्यावरनं काय कळलं?’ त्यांनी मला इंटरव्ह्यू घेतल्यासारखं विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. किल्ली फिरवल्यावर काहीच आवाज नाही, तर वायरिंग किंवा स्टार्टर बघायचा. टिकटिकटिक वाजलं, तर बॅटरी उतरलेली. एकच जड ठक् आणि दिवे मंद, तर स्टार्टर जोर लावतोय पण पुढं काहीतरी अडलंय. ‘आता ते काहीतरी म्हणजे इंजिनच कशावरनं? आणि इंजिनच असलं तर ते का अडलंय, हे विचारलं का त्यानं?’

मला एकदम ओळखीचं वाटलं. ‘अ‍ॅप चालत नाही’ एवढंच लिहून बग पाठवणाऱ्यांवर मी रोज वैतागते. कधी, कुठे, त्याआधी काय केलं होतं, हे सांगा ना राव! ‘इंजिन जाम’ हे तसंच होतं. लक्षण खरं, पण कारणाचा पत्ता नाही.

पहिल्या शनिवारी काकांनी पान्याला हातही लावला नाही. पोर्चमध्ये खुर्ची टाकली आणि आईला विचारलं, ‘वहिनी, शेवटची कधी चालवली? चालता चालता बंद पडली, का धड आणून लावली?’

इंजिनाचं अर्धं भविष्य या एका प्रश्नावर ठरतं. चालू गाडी रस्त्यात गचके खाऊन बंद पडली असेल, त्याआधी टेंपरेचरचा काटा वर गेला असेल, ऑइलचा लाल दिवा लागला असेल किंवा आतून खडखड येत असेल, तर ती उष्णतेची जाम. ऑइल नसलं की धातूवर धातू घासतो. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा. तापल्यावर तो लोखंडी सिलिंडरपेक्षा जास्त फुगतो, भिंतीला घासतो आणि चिकटतो. क्रँकशाफ्टचं बेअरिंग वितळून बसलं तर आणखी वाईट. अशा इंजिनात वरून काहीही ओता, उपयोग नाही. ते उघडावंच लागतं. पण गाडी धड चालवून आणून लावली असेल आणि उभ्या उभ्या अडकली असेल, तर ती बहुतेक गंजाची जाम. ती सुटू शकते.

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मार्चमध्ये बँकेत जाऊन आले, तेव्हा एकदम छान चालली होती. नंतर लावली ती लावलीच. पुढच्या वर्षी, यांना दवाखान्यात न्यायचं होतं त्या रात्री, मी किल्ली फिरवली. चालू नाही झाली. तुमच्याच गाडीतून नेलं ना आपण?’

काकांनी मान हलवली. मला हे माहीत नव्हतं. मी तेव्हा पुण्यात होते आणि जिल्ह्याबाहेर जायचे पास निघत नव्हते. एवढी वर्षं आई त्या किल्लीबद्दल कुणाशी बोलली नव्हती. दवाखान्यात गेलेले बाबा परत आले नाहीत आणि तिच्या डोक्यात हिशोब बसला होता, की आपली गाडी चालू झाली असती तर दहा-पंधरा मिनिटं वाचली असती.

‘त्या रात्री आवाज कसा आला होता?’ काकांनी विचारलं. अगदी कोरड्या, वर्कशॉपच्या आवाजात.

‘टिकटिक.’

‘मग बॅटरी होती. वर्षभर उभ्या गाडीची बॅटरी उतरतेच. त्या साली सगळ्या गल्लीच्या उतरल्या होत्या. माझीही. मी मुलाची गाडी काढली होती.’

आई काही बोलली नाही. आत जाऊन तिनं चहा टाकला. पण साखर दोनदा घातली होती, हे मी चहा पिताना ओळखलं.

एकेक संशयित बाद

दुपारी आम्ही कामाला लागलो. गाडी न्यूट्रलमध्ये, चाकांना विटा, बॅटरी काढून बाजूला. आधी अल्टरनेटर आणि वॉटर पंप फिरवणारा पट्टा काढला. गॅरेजवाले त्याला अजूनही फॅन बेल्टच म्हणतात. या दोघांपैकी एकाचं बेअरिंग धरलं तरी इंजिन जाम वाटू शकतं. दोन्ही हातानं फिरली. बाद. मग स्टार्टर खोलला. त्याचं छोटं दातेरी चाक कधी कधी फ्लायव्हीलच्या दात्यात रुतून बसतं आणि मग ना स्टार्टर फिरत, ना इंजिन. तेही नव्हतं. डिपस्टिक काढून बघितली. ऑइल काळं होतं, पण कॉफीसारखं दुधाळ नव्हतं. म्हणजे रेडिएटरचं पाणी ऑइलमध्ये उतरलेलं नाही.

मग तिन्ही स्पार्क प्लग काढले. 796 सीसीच्या या इंजिनाला तीनच सिलिंडर. प्लग काढायचं मोठं कारण म्हणजे पाणी. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला, की पिस्टनला वर यायला जागा नसते आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता, तो दिवस आठवतोय? अशा पुरात बुडालेली गाडी पाणी ओसरल्यावर ‘बघू तरी’ म्हणून चालू करून बघणं सगळ्यात महाग पडतं. जे इंजिन प्लग काढून, पाणी उपसून कदाचित वाचलं असतं, ते त्या एका किल्लीनं जातं.

आमच्या सिलिंडरमध्ये पाणी नव्हतं. ऑनलाइन मागवलेला, मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा प्लगच्या भोकातून आत सोडला. पहिला सिलिंडर स्वच्छ. तिसरा स्वच्छ. दुसऱ्यात पिस्टनच्या वर, भिंतीला गोल फिरलेली तांबूस रांग. सापडला बग!

तिघांपैकी एकच का? इंजिन बंद होतं तेव्हा पिस्टन वेगवेगळ्या उंचीवर थांबतात आणि कुठला ना कुठला व्हॉल्व्ह उघडा राहतो. त्या उघड्या खिडकीतून बाहेरची दमट हवा आत येत राहते. बाकीच्यांची दारं बंद असतात, म्हणून ते वाचतात. साताऱ्याचे पाच-सहा पावसाळे त्या एका खिडकीतून आत गेले होते. एक पिस्टन धरला की बाकी दोघं धड असूनही काही करू शकत नाहीत. सगळे एकाच क्रँकशाफ्टला बांधलेले. घरात असंच असतं, नाही?

रोज दोन चमचे

गंज सोडवायला बाजारात स्प्रे मिळतातच. जुन्या मेकॅनिक मंडळींचा आवडता काढा वेगळा: निम्मं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल ऑइल, आणि निम्मं अ‍ॅसिटोन. ऑइल वंगण देतं, अ‍ॅसिटोन त्याला पातळ करून बारीक फटीत नेतं. दोघांचं जमत नाही, ठेवलं की वेगळे होतात, म्हणून दर वेळी बाटली हलवायची. अ‍ॅसिटोन भयंकर पेट घेतं, म्हणून काम उघड्या हवेत, आसपास ठिणगी नाही, विडी नाही. काकांनी आईला बजावलं, ‘उदबत्तीसुद्धा आतच लावा.’

मेडिकलमधून आणलेल्या सिरिंजनं प्रत्येक भोकात थोडं थोडं सोडलं, वर कापडाचे बोळे बसवले आणि रविवारी रात्री मी पुण्याला आले. रोज घालायचं काम आईकडे.

तिसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. आईनं शाळेची एक जुनी कोरी वही काढली होती. हजेरीपटासारखे रकाने आखलेले. तारीख, वेळ, सिलिंडर 1, 2, 3. स्वेटर विणायची सुई पुसून ती प्लगच्या भोकातून पिस्टनला टेकेपर्यंत सोडायची आणि किती भिजली ते मोजायची. पहिल्या आणि तिसऱ्यात घातलेलं सकाळपर्यंत खाली झिरपून जायचं. दुसऱ्यात जेवढं घातलं तेवढंच. खाली वाटच नव्हती. रोज दुसऱ्या रकान्यात तिचा सुंदर मास्तरी अक्षरातला शेरा: ‘तसेच.’

दुसऱ्या शनिवारी काकांनी क्रँक पुलीच्या मधल्या बोल्टवर गोटी पाना चढवून जेमतेम एक हात लांब दांडा लावला. मी जोर लावला. ढिम्म. गल्लीतल्या पोरांनी सल्ला दिला, ‘टॉप गिअरमध्ये टाका, आम्ही ढकलतो.’ एकानं पानं लांब करायला पाइपही आणला. काकांनी दोन्ही परत पाठवलं. ढकललेल्या गाडीचं सगळं वजन एका झटक्यात त्या अडकलेल्या पिस्टनवर येतं आणि पाइप चढवला की आपण किती जोर लावतोय ते हाताला कळत नाही. ‘हिसका मारून सुटलेलं काहीतरी मोडूनच सुटतं, पोरी,’ ते म्हणाले.

मधल्या आठवड्यात गुरुवारी सकाळी मी कॅबमध्ये असताना आईचा मेसेज आला. ‘क्र. 2 : निम्मे खाली गेले.’ पुढे उद्गारचिन्ह. माझ्या आईनं आयुष्यात मेसेजमध्ये उद्गारचिन्ह टाकलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

खडूची रेघ

तिसऱ्या शनिवारी काकांनी पुलीवर खडूनं रेघ मारली, तिच्यासमोर ब्लॉकवर दुसरी. मी दांड्यावर सावकाश वजन टाकलं. काही कळलं नाही. पण टॉर्च धरून बसलेली आई म्हणाली, ‘हललं.’ दोन रेघांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढं अंतर पडलं होतं.

आता गंमत अशी, की हललं म्हणून पुढे रेटायचं नाही. मागे आणायचं, जपून, नाहीतर तो बोल्टच सैल व्हायचा. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. सुटलेल्या गंजाची भुकटी रिंगच्या पुढे साचते. एकाच दिशेनं दाबत राहिलं तर तीच पाचर होते. म्हणून दर थोड्या वेळानं काढा, मग दोन केसांएवढं पुढे, एक मागे. दुपारी बोटभर. चहाच्या वेळी चार बोटं. विणायची सुई आता दुसऱ्या भोकात उभी होती आणि दांड्याबरोबर हळूहळू वर येत होती. रविवारी साडेअकराला पुलीनं अख्खा एक फेरा मारला. मी ओरडले. काका फक्त म्हणाले, ‘अजून एक. चार स्ट्रोकचं इंजिन आहे, दोन फेऱ्यांशिवाय हिशोब पुरा होत नाही.’

पुन्हा कॅमेरा. भिंतीवर काळसर डाग होते, पण खोल ओरखडे नव्हते. खोल चर दिसले असते तर घरगुती प्रकार तिथेच संपला असता. हेड काढून रीबोअरिंगला मशीन शॉपमध्येच जावं लागलं असतं. हेही सांगायला हवं, कारण ‘दोन चमचे घाला, इंजिन चालू’ असा चमत्कार कुणी विकत असेल तर घेऊ नका.

आणि सुटलं म्हणजे लगेच किल्ली मारायची नसते. आत घातलेलं सगळं रिंगवरून झिरपून ऑइलच्या टाकीत उतरलेलं असतं, तिथलं ऑइल पातळ झालेलं असतं. म्हणून ऑइल आणि फिल्टर नवं. टायमिंग बेल्ट रबराचा, वर्षानुवर्षं एकाच वळणावर उभा. तोही नवा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, त्याला वार्निशसारखा वास येत होता. कार्ब्युरेटर खोलून साफ केला. मग प्लग न लावता, भोकांवर जाड कापड टाकून, नव्या बॅटरीवर स्टार्टर फिरवला. उरलेलं लाल पाणी फवाऱ्यासारखं कापडावर आलं आणि काही सेकंदांत ऑइलचा दिवा विझला. म्हणजे ऑइल वरपर्यंत पोचलं. कॉम्प्रेशन मोजलं. पहिला आणि तिसरा जवळपास सारखे, दुसरा कमी. ‘पास आहे,’ काका म्हणाले, ‘फर्स्ट क्लास नाही.’

चौथ्या रविवारी प्लग बसले. बॅटरी धरून एकूण खर्च नऊ हजारांच्या आत. किल्ली अर्थातच आईकडे. ती ड्रायव्हर सीटवर बसली, सीट दोन खाचा पुढे घेतली, आरसा नीट केला. एकदा फिरवली. घर्र घर्र, पण पेटलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. काका आणि मी बॉनेटमध्ये डोकं घालून वायरी तपासायला लागलो, तर आतून आवाज आला, ‘अहो, बाजूला व्हा! चोक ओढल्याशिवाय ही कधी चालू झालीय का?’

चोक ओढला. किल्ली फिरली. आणि पोर्चभर पांढरा-निळा धूर! समोरच्या काकू खोकत गॅलरीत आल्या. तीन सिलिंडरचा तो ओळखीचा फटफट आवाज आधी अडखळत, मग सलग. आई स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून होती. दहा मिनिटं तिनं इंजिन बंद केलं नाही. टेंपरेचरच्या काट्याकडे बघतेय असं ती दाखवत होती. मीही तसंच समजले.

पुढचं काम कागदांचं. रजिस्ट्रेशन रिन्यू, आरटीओची तपासणी, पीयूसी, इन्शुरन्स, शिवाय चिरा पडलेले टायर. त्यात दीड महिना गेला आणि इंजिनापेक्षा जास्त पैसेही. ते झाल्यावर एका मंगळवारी, मी ऑफिसात असताना, ती कुणालाही न सांगता कोरेगावला जाऊन आली. शाळेतल्या एका मैत्रिणीकडे. ‘मला कुठे जायचंय’ या प्रश्नाचं उत्तर तिनं स्वतःच शोधलं होतं.

तुमच्याही सोसायटीच्या कोपऱ्यात, गावच्या अंगणात अशी एखादी गाडी कव्हरखाली उभी असेल. तिचं इंजिन सुटेलच असं मी सांगू शकत नाही. पण भंगारवाल्याला फोन करण्याआधी, आणि किल्ली फिरवण्याआधीही, ती शेवटची चालवणाऱ्या माणसाशेजारी खुर्ची टाकून बसा. विचारा, कशी थांबली होती? उत्तराला वेळ लागला तर लागू द्या.

आईची ती वही अजून चालू आहे. सिलिंडरचे रकाने संपले, आता नवे आखलेत: तारीख, कुठे, किलोमीटर, पेट्रोल, ऑइल. शेरा या रकान्यात परवा एवढंच होतं, ‘चोक न ओढता चालू झाली.’